थांबलेला हात

2009 च्या गणेशोत्सवात मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं आणि थोड्याच दिवसांत रक्तपेढीतून बोलावणं आलं. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. भूक चांगली, कामाला दमत नव्हतो, तरी हे! आई यकृताच्या कॅन्सरने गेली होती. पोटात पाणी झालं तेव्हा आम्हाला कळलं. हा विषाणू बाळंतपणात आईकडून मुलाकडे येऊ शकतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांनी बजावलं : यकृत आकसलेलं नसलं तरी यात कॅन्सर होऊ शकतो. दर सहा महिन्यांनी रक्ताची एएफपी आणि सोनोग्राफी, चुकवायची नाही.

सोनोग्राफी मिरजेला. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. "काका, डाव्या कुशीवर वळा. श्वास घ्या, धरून ठेवा." श्वास धरला की यकृत बरगड्यांखालून खाली सरकतं आणि वरचा भागही दिसतो, हे त्यांनीच समजावलं होतं.

2021 च्या श्रावणात एएफपी आली 5. अगदी नॉर्मल. मी म्हटलं, रक्त चांगलं आहे, सोनोग्राफी पुढच्या खेपेला करू. बाहेर बाकावर जागा नव्हती इतकी गर्दी. त्यांनी ऐकलं नाही. "काका, लहान गाठ पुष्कळदा एएफपी वाढवतच नाही. झोपा."

गार जेल, सरकणारा हात. मग तो हात थांबला. पुन्हा श्वास धरायला लावला, पुन्हा तिथेच आला. पडद्यावर दोन फुल्या, मध्ये तुटक रेघ : 1.7 सेंटिमीटर. त्यांनी माझ्या पोटावरचं जेल स्वतः पुसलं आणि माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. सीटीत निदान पक्कं झालं. सुई घालून गाठ जाळली. पोट उघडावं लागलं नाही.

दर सहा महिन्यांनी कशासाठी, असं मी एकदा डॉक्टरांना विचारलं, तेव्हा त्यांनी शांघायची गोष्ट सांगितली. 1993 पासून तिथे माझ्यासारख्या 18,816 जणांचे दोन गट केले. एका गटाची दर सहा महिन्यांनी एएफपी आणि सोनोग्राफी, दुसऱ्याची नाही. बोलावलेल्यांतले कितीतरी जण प्रत्येक खेपेला आलेही नाहीत. तरी 2004 साली छापून आलेला हिशेब असा : तपासलेल्यांत यकृताच्या कॅन्सरने 32 गेले, न तपासलेल्यांत 54. जाणकार या अभ्यासात उणिवा काढतात, काढोत. माझं सहा महिन्यांचं वेळापत्रक त्या माणसांकडून आलं आहे.

मॅडमना दिवाळीला फराळ नेऊन देतो. त्या 54 जणांपर्यंत पोचायला वाट नाही. सर्वपित्रीला आईच्या नावाचं पान वाढतो, तेव्हा शेजारी आणखी एक पान त्यांच्यासाठी मांडतो.