नोझल आणि बोट

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याने दाबलेली हवाच इतकी तापते की, आत शिरलेले इंधन आपोआप पेटते. १८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेलचे एंजिन यशस्वी झाले, तेव्हा इंधन आत फुंकण्यास दाबलेली हवा लागे. १९२७ पासून निघालेले बॉशचे पंप मात्र तेलालाच मोजून, दाबून नोझलकडे धाडू लागले. नोझल त्याचे धुके करते. आमच्या शाळेतून गॅरेजात गेलेली मुले हे आमच्याहून चांगले जाणतात. तथापि नोझलचा फवारा बोटाने अजमावताना ती दिसली की, आमचा जीव खालीवर होतो. तो फवारा कातडी भेदतो. जखम सुईच्या टोकाएवढी, वेदना प्रथम अल्प. पण पुढे बोट, प्रसंगी हातही गमवावा लागतो. वाचकहो, अशा मुलास हळद लावून घरी बसवू नये. त्याच घटकेस शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.