मोज्यांचे वळ

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे पाय आपण शेवटचे कधी निरखून पाहिले?

माझ्या वडिलांना मधुमेह होता आणि हृदयाच्या धमन्याही कठीण झालेल्या. डॉक्टरांनी पायोग्लिटाझोन सुरू केले, तेव्हा मला मोठा दिलासा वाटला. कारण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पेरिस्कोप’ या अभ्यासाविषयी मी वाचले होते. असेच दोन्ही विकार असलेले ५४३ रुग्ण त्यात होते. ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांच्या धमन्यांतील मेदाचा थर दीड वर्षात वाढला; पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांचा जवळजवळ होता तेवढाच राहिला.

त्या आनंदात मी दुसरी बाजू विसरले. हेच औषध शरीरात मीठ व पाणी साठवते. संध्याकाळी मोजे काढले की बाबांच्या घोट्यांवर खोल वळ दिसत. ‘वयोमानाने होते,’ असे मी म्हणत राहिले. एका रात्री आडवे पडताच त्यांना धाप लागली, तेव्हा माझे डोळे उघडले. डॉक्टरांनी औषध बदलले, सूज ओसरली.

म्हणून सांगते, धमन्या राखणारे औषध दुर्बल हृदयाला पेलेलच असे नाही. रोज सकाळी वजन नोंदवा. घोट्यावर बोट दाबून पाहा. खळगा राहिला किंवा वजन झपाट्याने वाढले, तर गोळी स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. धाप लागली, तर क्षणभरही थांबू नका.