बुडितातून उचललेलं घर

जपानात योकोहामाला सांकेइएन नावाची बाग आहे. तिथलं यानोहारा घराण्याचं अठराव्या शतकातलं शेतकरी घर मूळचं गिफूच्या डोंगरातलं. शो नदीवर मिबोरो धरण झालं आणि घराची जागा बुडितात आली. 1960 साली ते सुटं करून बागेत पुन्हा उभं केलं.

*

आपल्याकडे सरदार सरोवराच्या बुडितात नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांची 33 गावं आली. मणिबेली त्यांतलं पहिलं.

*

अक्राणीतल्या धडगावच्या वरच्या डोंगरातलं पावरा आदिवासींचं घर. सागाचे खांब, वर दुबेळकं म्हणजे खांबाचं दुफाटं टोक, त्यात आडं बसवलेलं. बांबू चिरून विणलेला कूड, वर शेणमातीचा लेप, छपराला कौलं. त्याच छपराखाली एका अंगाला बैल-शेरडं, दुसऱ्या अंगाला चूल आणि बांबूच्या कणग्या. घराला घर लागून नाही. ज्याचं शेत, त्याचं घर त्या शेतात. पाडा सगळ्या उतारावर पसरलेला. इथे घर पाहायचं तर शेतासकट पाहावं लागतं.

*

चुलीच्या वर बियाण्याची मक्याची कणसं टांगलेली. धुराने काळी पडतात, पण कीड लागत नाही. यानोहारा घरातही जमिनीतल्या चुलीत विस्तव करतात, कारण गवताचं छप्पर आणि त्याच्या दोरखंडाच्या गाठी धुरानेच टिकतात. कुणी राहत नाही त्या घरात चूल पेटती ठेवायची! जतन म्हणजे काय हे मला तिथे कळलं.

*

घर उभारायला पाडा लाहेने जमतो. मजुरी नाही, घरधन्याने जेवू घालायचं, आणि पुढे दुसऱ्याच्या कामाला जायचं. गिफूतल्याच शिराकावा गावात छप्पर शाकारायची रीत हीच. ते गाव 1995 पासून जागतिक वारसा यादीत आहे.

*

सरदार सरोवराच्या विस्थापितांनी घरं मोडली तेव्हा सागाचं लाकूड बरोबर नेलं. खांब तळोद्याकडच्या वसाहतींत पोचले, उतार पोचला नाही. सपाटीवर ओळीने आखलेल्या प्लॉटांत तेच लाकूड वेगळं घर होतं.

*

सातपुड्यात अशी घरं अजून आहेत, पण पत्रा आणि सिमेंट वेगाने चढत आहेत. राहणाऱ्याला पक्कं घर हवं, हे रास्तच. म्हणूनच वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आत्ता यावं, मालकाला विचारून मापं घ्यावीत, दुबेळकं कसं निवडतात ते म्हाताऱ्यांकडून लिहून घ्यावं. आणि जिल्ह्याने एक घर, त्याच्या शेतासह, लाहेने बांधून घ्यावं. त्याची चूल रोज पेटवायला पाड्यातलंच माणूस पगारावर नेमावं.