शुक्र्याचा फोटो

फरशीवर पालथं पडता यावं म्हणून मी सत्तरीनंतर पंजाबी ड्रेस घालायला लागले. हसू नका मंडळी! मांजराचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरूनच काढावा लागतो. वरून काढला की नुसतं मोठं डोकं आणि घाबरलेली नजर येते.

तर, दर गुरुवारी सकाळी मी पुण्याबाहेरच्या एका प्राण्यांच्या निवाऱ्यात जाते. तिथली डॉक्टर माझी जुनी विद्यार्थिनी. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला, "बाई, मुलाचा जुना कॅमेरा तुमच्याकडे पडून आहे ना? याल का?" तोवरचे फोटो तिने दाखवले. गजांमागे कोपऱ्यात दबलेलं काहीतरी, आणि फ्लॅशमुळे चमकणारे दोन हिरवे दिवे. मांजराच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा पडदा असतो. त्याला अंधुक उजेडात चांगलं दिसतं ते त्यामुळे, पण फ्लॅश मारला की फोटोत भूत उतरतं. असं भूत घरी कोण नेणार?

फ्लॅश बंद केला. खिडकीजवळ एक टेबल मागून घेतलं आणि घरची जुनी पिवळी चादर नेली. काळ्या मांजरांसाठी ती चादर फार कामाची. पांढऱ्या भिंतीपुढे काळं मांजर बसवलं की कॅमेरा भिंतीला भुलून उजेड कमी करतो आणि मांजराचा कोळसा होतो. आधीच काळं मांजर आडवं गेलं की चार पावलं मागे फिरणारे आपण लोक. त्यात फोटोही काळा ठिक्कर! खिडकीचा उजेड एका बाजूने घेतला, कॅमेऱ्यात उजेड एक घर वाढवला, की केस न् केस दिसतो.

मांजराकडे बघून सावकाश डोळे मिटायचे आणि उघडायचे, हेही तिथेच शिकले. तेही तसंच करतं आणि सैलावतं. २०२० साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी यावर रीतसर प्रयोग करून निबंध छापला. आमच्या आजीला हे न छापताही माहीत होतं, पण असो.

माझ्या भाच्याने अमेरिकेहून वॉल्टर चांडोहा यांच्या फोटोंचं पुस्तक पाठवलं. या गृहस्थांना १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये बर्फात एक बेवारस पिल्लू सापडलं. घरी आणल्यावर ते वेड्यासारखं धावायचं म्हणून त्याचं नाव 'लोको', म्हणजे वेडा. त्याचे फोटो काढता काढता हे २०१९ साली वारेपर्यंत मांजरांचेच फोटोग्राफर होऊन राहिले. पुस्तक सुंदर आहे. पण त्यातली मांजरं फार देखणी. आमच्याकडची तशी नसतात. कुणाची शेपटी अर्धी, कुणाच्या कानाचं टोक कापलेलं. (ती नसबंदी झाल्याची खूण, कुणी तोडलेला नाही. हे मी प्रत्येक फोटोखाली लिहिते, तरी फोन येतातच.)

आता शुक्र्याबद्दल.

हा पट्टेरी करडा बोका. पिल्लूपणी सर्दी डोळ्यांत उतरली आणि डावा डोळा काढावा लागला. तिथल्या पोरांनी नाव ठेवलं शुक्राचार्य, लाडाने शुक्र्या. पापणी शिवलेली, बाकी तब्येत ठणठणीत. डॉक्टर म्हणाली, "बाई, उजवीकडून काढा ना. काय रुबाबदार दिसतो! एकदा लोक इथवर आले की तो स्वतःच त्यांना पटवेल."

मी म्हटलं, "नाही गं, समोरूनच काढणार."

तिला कारण सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. माझ्या थोरल्या बहिणीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. १९६८ साली साताऱ्याला तिचा 'दाखवायचा' फोटो काढला. फुलदाणीच्या स्टुलावर हात, मान किंचित वळवलेली. स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सगळे वण घालवले. आईला केवढा आनंद झाला! पाहुणे यायचे. फोटो हातात, नजर ताईच्या चेहऱ्यावर, पुन्हा फोटोवर. मग पोहे खाऊन, "कळवतो" म्हणून जायचे. तीन वेळा असं झालं. कपबशा विसळताना ताई एक शब्द बोलायची नाही. चौथ्या स्थळाआधी ती एकटीच स्टुडिओत गेली आणि पेन्सिल न फिरवलेला फोटो काढून आली. आईने दोन दिवस अबोला धरला. त्यानंतर स्थळं कमी आली, पण आली ती वण पाहून आली. आमचे भाऊजी त्यांतलेच.

डॉक्टरचं म्हणणंही खोटं नव्हतं. निवाऱ्यात पिंजरे मोजकेच. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत पिल्लांची रीघ लागते. एक पिंजरा अडला की दारावर आलेल्या एखाद्या पिल्लाला "जागा नाही" सांगावं लागतं, आणि ते सांगायचं काम तिचं असतं, माझं नव्हे. शुक्र्याचा समोरचा फोटो लागला. पहिला महिना एकही फोन नाही. दुसऱ्या महिन्यात एकाने विचारलं, "याच्याऐवजी दुसरं आहे का?" त्याच्या आजूबाजूची सहा पिल्लं घरोघरी गेली. गुरुवारी मी आत शिरले की डॉक्टर काही बोलायची नाही, आणि मीही शुक्र्याच्या पिंजऱ्याकडे आधी बघायची नाही. पण फोटो बदलला नाही.

चौथ्या महिन्यात एक मध्यमवयीन जोडपं आलं. दोघांनी मोबाइलवरचा फोटो पाहिला, शुक्र्याला पाहिलं. डोळ्याबद्दल एवढंच विचारलं, की रोज पुसावा लागतो का. मग बाई म्हणाल्या, "आमच्याकडे गॅलरीला जाळी नाही, ती आधी लावून घेतो. रविवारी न्यायला येऊ." आणि खरंच आले, वेताची झाकणाची टोपली घेऊन. शुक्र्या टोपलीत शिरेना. शेवटी त्या बाईंनी आपली ओढणी आत टाकली, तेव्हा गेला.

त्याच्या पिंजऱ्यात आता तीन काळी पिल्लं आहेत, एकापेक्षा एक वांड. पिवळी चादर धुवायला टाकली आहे, गुरुवारपर्यंत वाळायला हवी.