ओळखा पाहू, हे झाड कोणतं?

दोस्तांनो, परतवाड्याहून सेमाडोहकडे निघालात की मेळघाटचं जंगल लागतं. १९७३ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प ठरले, त्यांतला हा एक. जंगलाकडेच्या गावांत डोक्यावर मोळी घेतलेल्या बायका दिसतील.

चुलीला धावडा, ऐन, खैर अशी जड लाकडं हवीत. ती सावकाश जळतात, निखारा टिकतो. काटेसावर हलकी, भुर्रकन जळून जाते!

मोठा ऐन ओळखणं सोपं. साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली! पण लहान झाडाला तशी साल कुठून असणार? मग पान हळूच उलटं करून बघा. देठाजवळ मधल्या शिरेवर एक-दोन बारीक गाठी दिसल्या, की तो ऐन. खैराची पानं बाभळीसारखी बारीक, आकडेदार काटे जोडीजोडीनं. धावड्याचं खोड फिकट, गुळगुळीत. लाडवातला डिंक याचाच. सागाचं कोवळं पान चुरगाळलं तर बोटं लाल होतात. पण तो प्रयोग गावातल्या सागावर हं! जंगलातलं पान खुडायचं नाही.

मग ही ओळख तोडायला हवी का? छे! ओलं लाकूड नुसतं धुमसतं, आईचे डोळे चुरचुरतात. चुलीला वाळून पडलेली फांदीच बरी. मनगटाएवढा धावडा आज तोडला, तर उद्याचं बी आणि डिंक कुठून येणार? कोयता उचलणाऱ्याला थांबवायचं, तर त्या झाडाचं नाव आधी तुम्हाला यायला हवं!