डॉल्फिनचं पोटपाणी

बीडच्या माणसानं डॉल्फिनवर लिहायचं म्हणजे गंमतच! आमची सिंदफणा गोदावरीला मिळते आणि गोदावरी जाते पार पूर्वेला. पश्चिमेच्या समुद्राशी आमचा संबंध पावसाच्या ढगांपुरता, आणि तेही सह्याद्री ओलांडेपर्यंत बरेचसे रिकामे झालेले असतात. तरी लिहितोय, कारण दिवाळीच्या सुट्टीत मालवणजवळ देवबागला गेलो होतो, तिथलं एक वाक्य डोक्यातून जात नाही.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. सकाळी होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतात. एक करडी पाठ वर आली, मग दुसरी. होडीत एकच कल्ला! भाच्यानं विचारलं, "मामा, ते खेळतायत का?" मी काही बोलायच्या आत नावाडीच म्हणाला, "खेळतत खंय? मासळी आसा हंय, म्हणान इलेत."

घरी आल्यावर या विषयावर जमेल तेवढं वाचलं. हे किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात राहणारे हम्पबॅक डॉल्फिन. नदी समुद्राला मिळते तिथे मासळी भरपूर, म्हणून त्यांचा मुक्कामही तिथेच. बोय, धोमा, तारली, बांगडा असे मासे ते खातात. दात असतात, पण चावायला नाही, निसटता मासा धरायला. मासा बहुधा डोक्याकडून आख्खा गिळायचा. गढूळ पाण्यात दिसणार काय? म्हणून आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनीवरून मासा हुडकायचा.

गंगेतल्या डॉल्फिनचं तर याहून अवघड. त्याच्या डोळ्यात भिंगच नसतं. उजेड-अंधार कळतो, बाकी सगळी भिस्त कानांवर. बऱ्याचदा तो एका कुशीवर पोहतो आणि लांब चोचीनं तळाशी मासे, कोळंबी शोधतो. २००९ साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. पोट मात्र रोजच्या रोज भरावंच लागतं.

एक गोष्ट वाचून मी थबकलो. समुद्रातला डॉल्फिन तहान भागवायला समुद्राचं पाणी पीत नाही. त्याला लागणारं पाणी मुख्यतः माशांतूनच मिळतं. म्हणजे मासा हीच भाकरी आणि मासा हाच पाण्याचा हंडा. टँकरची वाट बघत उन्हाळे काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मासळी आटली की त्याचा दुष्काळ दुहेरी.

आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, गाडीत भांडीकुंडी आणि लेकरं. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या जाण्याला कुणी सहल म्हणत नाही. डॉल्फिनच्या पोटामागच्या फिरण्याला मात्र आपण बिनदिक्कत खेळ म्हणतो. खेळतही असतील ते, नाही असं नाही. पण दर वेळी खेळच कसा असेल?

यात मच्छीमाराची बाजूही आहे. जाळ्यातली मासळी डॉल्फिननं ओढली, जाळं फाटलं, तर नुकसान त्याचंच. उलट पाण्यात भिंतीसारख्या उभ्या लावलेल्या जाळ्यात डॉल्फिन अडकला, तर श्वासाला वर येता न आल्यानं गुदमरून मरतो. वन्यजीव कायद्यानं त्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, पण पाण्याखालच्या जाळ्याला कायदा कुठून कळणार? दोघंही एकाच माशामागे...

कुठे कुठे दोघांचं जमतंही. ब्राझीलमधल्या लागुना गावी डॉल्फिन बोय माशांचे थवे किनाऱ्याकडे हाकतात आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले कोळी त्यांच्या हालचालीवरून फेकजाळं टाकतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की यात फायदा दोघांचाही होतो. पिढ्यान् पिढ्या हे चालू आहे.

आपण पर्यटक काय करू शकतो? फार काही नाही. पण जो आवाजावर शिकार करतो, त्याच्याभोवती चार-चार होड्यांची इंजिनं धडधडत ठेवणं म्हणजे जेवत्या माणसापुढचा दिवा विझवणं. कोकणात गेलात तर नावाड्याला एवढंच सांगा, "दादा, पाठलाग नको. लांबूनच बघू." थोडं कमी दिसेल... दिसू दे.