समुद्रतळाचा कारभार

जगाचे राज्य कोण चालवितो, या प्रश्नाचे उत्तर देण्याची हौस आपल्या समाजाला फार. दूरदेशींच्या राज्यांविषयी तर ती इतकी अनावर, की वॉशिंग्टनमध्ये कोणी आयात मालावर जकात वाढविली किंवा बीजिंगमध्ये कोणी एखाद्या दुर्मीळ धातूची निर्यात रोखली, तर दिवेलागणीच्या आत आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर त्या घटनेचे निदान, उपचार आणि भविष्यकथन ही सर्व कार्ये यथासांग पार पडलेली असतात. मी स्वतः या कट्ट्याचा नियमित सभासद असल्यामुळे त्याची टवाळी करण्याचा मला अधिकार नाही. परंतु एक तक्रार मनात घर करून आहे, ती मांडतो. मुत्सद्द्यांच्या भाषणांचा आपण जेवढा कीस काढतो, त्याच्या शतांशही विचार, ज्या साधनांवाचून ती भाषणे आपल्या कानी पडलीच नसती, त्या साधनांचा आपण करीत नाही.

सप्टेंबर २०२५ च्या आरंभी तांबड्या समुद्रात, जेद्दा बंदराच्या आसपास, समुद्रतळावरून जाणाऱ्या काही तारा तुटल्या आणि भारत, पाकिस्तान व आखाती मुलुखांतले इंटरनेट एकाएकी मंदावले. मायक्रोसॉफ्टने आपली वाहतूक अन्य मार्गांनी वळविल्याचे ग्राहकांना कळविले, आणि तारा दुरुस्त व्हायला वेळ लागेल असेही सांगितले. कट्ट्यावर मात्र तोवर खटल्याचा निकाल लागून गेला होता. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या मते हे येमेनच्या हूतींचे कृत्य; दुसऱ्या गृहस्थांच्या मते इस्रायलचे; आणि तिसरे, ज्यांना कोणत्याही घटनेत चीन दिसतो, त्यांना येथेही तो दिसला. पुढे जाणकारांनी संशय घेतला तो एका व्यापारी जहाजाच्या ओढल्या गेलेल्या नांगरावर. इतका नीरस आरोपी कोणालाच नको होता, त्यामुळे विषय मागे पडला.

वास्तविक या क्षेत्रातील हा आरोपी फार जुना व सराईत आहे. जगभर समुद्राखालच्या तारांमध्ये दरवर्षी दीडशे ते दोनशे बिघाड होतात, आणि त्यांतील बहुसंख्य मासेमारीच्या जाळ्यांमुळे व जहाजांच्या नांगरांमुळे होतात. खंडाखंडांमधील दळणवळणाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भार वाहणारी ही तार खोल समुद्रात जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची असते. तिच्या गाभ्यात काचेचे काही तंतू, भोवती पोलाद, तांबे आणि प्लॅस्टिक यांची वेष्टने, आणि दर साठ ते शंभर किलोमीटरांवर मंदावलेल्या प्रकाशाला पुन्हा बळ देणारे एकेक यंत्र. आकाशातल्या उपग्रहांविषयी आपण कितीही कौतुकाने बोललो, तरी आपले पैसे, आपली पत्रे आणि आपली भांडणे ही बहुतांशी चिखलावर पडलेल्या या दोरीतूनच जातात.

तरीही ‘सगळे अपघातच’ असे म्हणून हात झटकणे हे ‘सगळे कारस्थानच’ म्हणण्याइतकेच आळशीपणाचे होईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्राच्या मुखाशी जे घडले, ते या दोन्ही मतांना एकाच वेळी खोटे पाडणारे आहे. बेलीझच्या निशाणाखाली चालणाऱ्या ‘रुबीमार’ नावाच्या खतवाहू जहाजावर हूतींचे क्षेपणास्त्र आदळले. खलाशी नांगर टाकून जहाज सोडून गेले. आणि ते निर्मनुष्य जहाज आपला नांगर तळावरून फरफटत कित्येक दिवस वाहत राहिले. त्याच सुमारास तीन तारा तुटल्या, आणि त्या या नांगरानेच तोडल्या असाव्यात असे मानले जाते. मार्चच्या आरंभी जहाज बुडाले. ज्याने क्षेपणास्त्र सोडले त्याचे लक्ष्य तार नव्हती, ज्याने नांगर टाकला त्याला तारेची कल्पनाही नसावी, आणि तुटलेल्या तीनही तारांचे एक टोक मुंबईत होते. याला घातपात म्हणावे की अपघात, हे ठरविण्यापेक्षा मला पुढचा भाग अधिक उद्बोधक वाटतो. दुरुस्तीचे जहाज त्या पाण्यात नेण्यासाठी परवाना हवा, आणि तो देणारे सरकार कोणते, तर येमेनमध्ये त्या वेळी सरकार म्हणविणारे दोन पक्ष एकमेकांशी लढत होते. एकाची परवानगी घ्यावी तर दुसऱ्याचा रोष, आणि दोघांचीही घ्यावी तर तिकडे आंतरराष्ट्रीय निर्बंधांची अडचण. काही आठवड्यांचे काम महिनोन्महिने लांबले ते समुद्र खोल होता म्हणून नव्हे.

तारेवर कोणाचा अंमल आहे, या प्रश्नाशी मुंबईचा संबंध दीडशे वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईत कापसाच्या भावाबरोबर शेअरांचा जो उन्माद चढला, त्यात प्रेमचंद रायचंद यांच्या नुसत्या शब्दावर पेढ्या उभ्या राहिल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरासाठी शहाणीसुरती माणसे घरदार गहाण टाकू लागली, आणि १८६५ मध्ये ते युद्ध संपल्याची वार्ता येताच हा सगळा डोलारा कोसळला. त्याच वर्षी इराणच्या आखातातून कराचीपर्यंत आलेली तार युरोपशी जोडली गेली होती. पण ती तुर्कांच्या मुलुखातून जात असल्याने निरोप दिवसच्या दिवस अडकून पडत आणि इंग्रजी न जाणणाऱ्या तारबाबूंच्या हातून असे विद्रूप होऊन येत, की व्यापाऱ्याला कापूस घ्यावा की विकावा याचाच उलगडा होऊ नये. परक्याच्या दारातून जाणारी तार ही आपली तार नव्हे, हा धडा लंडनने त्यातून घेतला. तांबड्या समुद्रातून तार टाकण्याचा १८५९-६० चा प्रयत्न फसून सरकारी खजिन्याला मोठी झळ बसली होती, तरीही १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे जगातले सर्वांत मोठे जहाज, पोटातील तार उन्हाने तापू नये म्हणून पांढऱ्या रंगाने रंगवून, मुंबईच्या बंदरात आणले गेले आणि तेथून एडनपर्यंत तार टाकली गेली. पुढे सुएझ, अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर आणि इंग्लंडचा किनारा, अशी सर्व ठाणी इंग्रजांच्या हातात किंवा हाताच्या अंतरावर. जूनमध्ये या मार्गाचे उद्घाटन झाले, तेव्हा लंडनमधील मेजवानीतून थेट हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयशी निरोपांची देवघेव करण्यात आली. कोणता हिंदी माणूस त्या दिवशी कोणाशी काय बोलला, याची नोंद माझ्या वाचनात नाही.

त्या तारेचा खरा हिशेब १९१४ मध्ये झाला. ब्रिटनने युद्ध पुकारल्यावर काही तासांतच, ५ ऑगस्टच्या पहाटे, ‘अलर्ट’ नावाच्या एका लहानशा जहाजाने इंग्लिश खाडीतील जर्मनीच्या पाच तारा गळ टाकून वर ओढल्या आणि तोडल्या. तोफ नाही, आरोळी नाही; पण त्या एका पहाटेमुळे जर्मनीला बिनतारी संदेशांवर आणि परक्यांच्या तारांवर विसंबून राहावे लागले, आणि परक्याच्या तारेतून गेलेला परराष्ट्रमंत्री त्सिमरमान यांचा मेक्सिकोविषयीचा गुप्त खलिता १९१७ च्या जानेवारीत इंग्रजांनी मधल्या मध्ये टिपला. तो मार्चमध्ये जाहीर झाला आणि एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. अमेरिका केवळ त्या खलित्यामुळे उतरली असे कोणी म्हणणार नाही. पण युद्धाच्या पहिल्याच पहाटे तोडण्यासाठी तारच का निवडली गेली, हे कळायला सेनापती असावे लागत नाही.

गंमत अशी, की ‘अलर्ट’ने कोणताही कायदा मोडला नव्हता. समुद्राखालच्या तारांच्या संरक्षणासाठी १८८४ मध्ये पॅरिसला जो तह झाला, त्यातच असे स्पष्ट कलम होते की युद्धकाळात लढणाऱ्या पक्षांवर त्याचे बंधन राहणार नाही. शांततेतल्या गुन्हेगाराविषयीही त्या तहाने असे ठरविले, की तार तोडणाऱ्या जहाजाचा इन्साफ ज्या देशाचे निशाण त्या जहाजावर असेल त्या देशाच्या न्यायालयात व्हावा. हेच तत्त्व थोड्याफार फरकाने १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात उतरले, आणि त्याचे फळ फिनलंडने अलीकडेच चाखले. २५ डिसेंबर २०२४ रोजी ‘ईगल एस’ नावाच्या तेलवाहू जहाजाने फिनलंडच्या आखातात कित्येक किलोमीटर नांगर फरफटत नेऊन एक वीजवाहिनी आणि काही संदेशवाहक तारा तोडल्या. फिन्निश शिपायांनी जहाज पकडले, अधिकाऱ्यांवर खटला भरला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने निर्णय दिला की प्रकार देशाच्या जलहद्दीबाहेर घडल्यामुळे त्याची सुनावणी करण्याचा अखत्यार या न्यायालयाला नाही. जहाजावर निशाण होते ते कुक बेटांचे. प्रशांत महासागरातील त्या चिमुकल्या बेटांनी बाल्टिक समुद्रातील तारेचा इन्साफ करावा, ही कल्पना पॅरिसच्या मुत्सद्द्यांनाही हास्यास्पद वाटली असती, कारण त्यांच्या काळी निशाण भाड्याने घेण्याची प्रथा इतकी बोकाळली नव्हती. याच्या उलट तैवानने २०२५ मध्येच, आपल्या पाण्यात तार तोडणाऱ्या एका जहाजाच्या चिनी कप्तानाला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. तैवानचा कायदा अधिक कडक होता म्हणून हे घडले असे नाही. नांगर किनाऱ्यापासून किती अंतरावर पडला, एवढाच काय तो फरक.

आमच्या मुंबईतील तारा ज्या ठिकाणी वर येतात, ते स्थळ मी मुद्दाम जाऊन पाहिले आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर एका बाजूला बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले असतात, होड्या ओढून ठेवलेल्या असतात, कोळणी जाळी सोडवीत बसलेल्या असतात. आणि त्याच वाळूखालून या देशाच्या परदेशी दळणवळणाचा फार मोठा हिस्सा शहरात शिरतो. तेथे पाटी नाही, पहारा दिसत नाही, मुलांनी क्रिकेटसाठी रोवलेल्या यष्ट्यांखेरीज दृष्टीस पडावे असे काही नाही. एका वयस्क कोळ्याला मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “तारा हायेत, आमाला ठावं हाय. जालं टाकताना जपावं लागतं.” डोलीचे जाळे समुद्रात खुंटांच्या आधारे उभे करावे लागते, त्यामुळे तळावर काय आहे याची खबर त्याला माझ्यापेक्षा आणि कट्ट्यावरच्या तिघांपेक्षा कितीतरी अधिक होती.

या तारांचे मालक बदलले आहेत, हे आपण पुरेसे लक्षात घेतलेले नाही. पूर्वी त्या साम्राज्याच्या आश्रयाने चालणाऱ्या कंपन्यांच्या असत, मध्यंतरी सरकारी तारखात्यांच्या संघांच्या झाल्या, आणि आता त्या उत्तरोत्तर गूगल आणि मेटा यांच्यासारख्या सावकारांच्या होत आहेत. मेटाने फेब्रुवारी २०२५ मध्ये पन्नास हजार किलोमीटरांहून लांब अशी ‘वॉटरवर्थ’ तार जाहीर केली, तिचे एक टोक भारतात उतरणार आहे. गूगलची ‘ब्लू-रामन’ ही तार इजिप्तची चिंचोळी वाट टाळून इस्रायल व जॉर्डनमार्गे मुंबईकडे येण्याच्या बेताची आहे, आणि तिच्या अर्ध्या भागाला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव देण्याची रसिकताही दाखविली गेली आहे. दुसरीकडे, सिंगापूरपासून फ्रान्सपर्यंत जाणाऱ्या एका नव्या तारेचा मक्ता चिनी कंपनीला मिळू नये म्हणून अमेरिकन सरकारने आपले वजन खर्च केले आणि तो अमेरिकन कंपनीकडे गेला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शर्यतीत कोण पुढे, यावर आपण रोज वाद घालतो. पण त्या बुद्धीने केलेला विचार ज्या वाटेने आपल्यापर्यंत येणार, त्या वाटेचा इजारा कोणी घेतला आहे, हे विचारीत नाही. व्यापारी कंपनीचा कारभार प्रथम सोयीचा वाटतो, याचा अनुभव या देशाला एकदा येऊन गेला आहे. गूगल ही ईस्ट इंडिया कंपनी नव्हे, हे मलाही मान्य आहे. तिच्याजवळ पलटणी नाहीत. पण करार करताना समोरच्याच्या कलमांवर सही करायची की आपलीही चार कलमे घालायची, हे तरी आपल्या हातात असते.

आणि तार तुटली तर? किनाऱ्यावरच्या ठाण्यातून तंतूमध्ये प्रकाशाचा एक ठोका सोडतात, तो परत यायला किती वेळ लागला यावरून बिघाडाची जागा काढतात. मग दुरुस्तीचे जहाज तेथे जाते, लोखंडी गळ तळाशी सोडते, तारेचे एक टोक वर ओढून तरंगत्या पिंपाला बांधते, दुसरे शोधून आणते, आणि मधे नवा तुकडा घालते. केसाएवढे काचेचे तंतू एकेक करून विजेच्या ठिणगीने सांधायचे, वर प्लॅस्टिकचे वेष्टन ओतायचे आणि आत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना हे क्ष-किरणांनी तपासायचे. हलत्या जहाजावर हे काम कित्येक तास चालते. आपल्या पाण्यात असा प्रसंग आला, की जहाज बोलवावे लागते ते कोलंबो, सिंगापूर किंवा आखातातून, आणि ते परदेशी असल्यामुळे गृह, संरक्षण, नौवहन, जकात अशा खात्यांची दप्तरे फिरून त्याला परवाने मिळेपर्यंत तार तळाशी तशीच पडून राहते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०२३ मध्येच सरकारला शिफारस केली होती की या परवान्यांचा घोळ कमी करावा आणि भारतीय निशाणाची दुरुस्ती-जहाजे असावीत यासाठी प्रयत्न करावेत. युद्धनौकेच्या मानाने अशा जहाजाचा खर्च थोडका आहे. पण ते संचलनात मिरविता येत नाही, आणि त्याच्या जलावतरणाला गर्दी जमेल असेही नाही. माझे मत विचाराल, तर जहाजाची घाईसुद्धा दुय्यम आहे. जहाज बाजारात विकत मिळते. तंतू सांधणारे कसबी हात मिळत नाहीत, ते वर्षानुवर्षे उमेदवारी करून घडवावे लागतात. तेव्हा मुंबई बंदरात आधी त्यांच्या शिक्षणाची सोय व्हावी; जहाजाची निविदा मागाहून निघाली तरी चालेल.